मालू, तुझी आमरीची जागा सापडली

मालू, तू खोटारडी होतीस, हे आधी लिहून टाकते. म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

बागूल सरांनी आपल्या निसर्गभ्रमण ग्रुपच्या वतीने माझ्याकडे तुझ्याबद्दल चार ओळी मागितल्या आहेत. तुझ्या फोटोंची छोटी पुस्तिका काढणार आहेत. "मनमिळाऊ, निसर्गवेड्या, सदैव हसतमुख, असं काहीतरी येऊ द्या बाई," असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तासभर कोऱ्या कागदाकडे बघत बसले. मनमिळाऊ कोण होतं? शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं तू क्लार्क होतीस आणि बोनाफाइड मागायला आलेला धडधाकट पालकसुद्धा खिडकीशी येऊन आवाज खाली करायचा. हसतमुख म्हणे. चार ओळी ते दुसऱ्या कोणाकडून तरी घेतील. हे मी तुलाच लिहितेय आणि हे त्या पुस्तिकेत जाणार नाही.

तुला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. गुढीपाडव्याच्या आधी तू मला सांगितलंस, "गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, केतकीकडे पुण्याला चाललेय, दोन-तीन महिन्यांनी येते." मी म्हटलं, नवे गुडघे बसवून ये, पावसाळ्यात चढायला लागतील. तू हसलीस. दर आठवड्याला मी तुला फोन करायचे आणि व्यायाम विचारायचे. पाय सरळ ठेव, टाच खाली दाब, दहापर्यंत मोज. एकदा तर मी फोनवर मोठ्याने आकडे मोजले आणि तू पलीकडून "हं, हं" करत राहिलीस. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, मालू. तुझ्या पोटात गाठ होती, ती दिवाळीतच कळली होती. भाऊजींना माहीत होतं, तुझ्या मुलीला माहीत होतं, जावयाला माहीत होतं, तुझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला माहीत होतं. मी एकटी दहापर्यंत आकडे मोजत होते.

आपलं शेवटचं बोलणंही भांडणच होतं, ते बरं झालं. गोड बोलली असतीस तर मला आता अजून राग आला असता. मी म्हटलं, "आता तरी सांग ती जागा. तुझे गुडघे गेले, तू काय यंदा चढणार नाहीस. मी जाऊन बघून तरी येते." तू म्हणालीस, "मरताना सांगेन." मी म्हटलं, "मग लवकर मर." त्या भांडणानंतर अकराव्या दिवशी केतकीचा फोन आला. तू मेलीस आणि जागा सांगितली नाहीस. माझं वाक्य मात्र माझ्याकडे ठेवून गेलीस.

ते वाक्य मी आणखी कोणाला सांगितलेलं नाही.

कशावरून सुरू झालं होतं आठवतंय का तुला? तू प्रयोगशाळेत आलीस, मी आठवीच्या मुलांची भिंगं पुसून ठेवत होते, आणि तू मोबाईल माझ्या नाकासमोर धरलास. त्र्यंबकच्या पुढे कुठेतरी नातेवाइकांकडे गेली होतीस, तिथे गवतात दिसलेलं पांढरं फूल. "हे काय आहे?" मी चष्मा वर करून बघितलं आणि म्हटलं, लिलीचा काहीतरी प्रकार असेल. दुसऱ्या दिवशी तू ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक उचलून आणलंस आणि माझ्या टेबलावर आपटलंस. ते ऑर्किड होतं. आमरी. आपल्याकडे झाडांवर आणि जमिनीवरही उगवते आणि बहुतेक लोक तुडवून पुढे जातात. त्यानंतर दहा वर्षं तू मला कुठेही ओळख करून देताना सांगायचीस, "या आमच्या विज्ञानाच्या बाई. यांना सगळं लिली दिसतं."

तरी मी तुझ्या मागे स्कूटरवर बसून आले. श्रावण-भाद्रपदातले सगळे रविवार. तुझं चालवणं भयानक होतं, घाटात वळणावर तू हॉर्न वाजवण्याऐवजी ओरडायचीस. हरसूलच्या रस्त्याला, पेठकडे, कुठे कुठे गेलो. रेनकोटच्या आत कॅमेरा, वर प्लास्टिकची पिशवी, त्यावर पुन्हा तुझी ओढणी. चिखलात पालथं झोपायला तू मला शिकवलंस. पन्नाशीला आलेली बाई, वर्गात सरळ बसा म्हणून पोरांना ओरडणारी, आणि मी मुलाच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये गवतात पालथी. फुलाच्या उंचीवर डोळा नेल्याशिवाय ते कळत नाही, असं तू म्हणायचीस. ते खरं होतं. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हे लिहितानाही मला चीड येतेय.

आणि तुझा तो नियम. जागेवर पोचलं की लगेच शोधायचं नाही. आधी बसायचं, डबा खायचा, निदान पंधरा मिनिटं. "डोळे अजून रस्त्यावर आहेत, त्यांना खाली येऊ दे," म्हणायचीस. मला वाटायचं, भूक लागलीय ते सरळ सांग की. पण चपातीचा घास तोंडात असताना हातभर अंतरावर काहीतरी दिसायचं, जे आल्या आल्या दिसलं नसतं. नुसत्या गवताच्या पात्यासारखं वाटलेलं एक पातं कडेने जरा जाड असायचं. तू चावणं थांबवायचीस आणि बोलायची नाहीस. मी तुझ्या नजरेने बघायचे.

माझं काम ताटलीचं होतं. डब्याबरोबरची स्टीलची ताटली धुऊन, ओढणीने पुसून फुलाच्या खाली तिरकी धरायची, म्हणजे ढगाळ उजेड खालून परत फुलाच्या तोंडावर पडतो. कोणा मोठ्या फोटोग्राफरने सांगितलेलं नव्हतं, आपणच शोधलं होतं. हात अवघडायचा, मुंग्या चावायच्या आणि तू म्हणायचीस, "हलू नकोस, बाई आहेस की पंखा?" ग्रुपमधल्या लोकांनी तुझ्या फोटोंचं कौतुक केलं की तू मान हलवून घ्यायचीस. ताटली धरणाऱ्या बाईचं नाव एकदाही घेतलं नाहीस.

आता पेठच्या बाजूच्या माळाबद्दल बोलते. तू त्याबद्दल सहा वर्षं बोललीस, मी एकदा बोलले तर बिघडत नाही.

चूक माझी होती. माळावर आमरींचा ताटवा सापडला, चाळीसेक तरी दांडे होते, हिरवट पांढऱ्या झालरीच्या फुलांचे. घरी येऊन मी आनंदाच्या भरात फोटो ग्रुपवर टाकला आणि त्याखाली लोकेशनची पिनही. का टाकली? बागूल सरांनी "कुठे?" विचारलं म्हणून. एवढंच. मला वाटलं, चांगली गोष्ट आहे, सगळ्यांना दिसू दे. पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागल्या. लोकांनी चटया अंथरल्या. मागचं चित्र स्वच्छ यावं म्हणून आजूबाजूचं गवत उपटलं, एकाने कात्री आणली होती. आणि एक सद्गृहस्थ असे की, त्यांनी मनासारखा फोटो काढून झाल्यावर फूल खुडून खिशात टाकलं, म्हणजे तसा फोटो दुसऱ्या कोणाला मिळायला नको. आपण दोघींनी ते डोळ्यांनी बघितलं. तू त्याची कॉलर धरलीस, मला तुझा हात सोडवावा लागला. दोन दिवसांनी कोणीतरी खुरपं घेऊन आलं आणि कंदच काढून नेले. पुढच्या वर्षी आपण गेलो तेव्हा तिथे नुसतं गवत होतं.

तू म्हणालीस, "तू फोटो टाकला नाहीस, आवतण दिलंस."

मी माफी मागितली होती. स्टाफरूममध्ये, डबा खाताना, सगळ्यांसमोर. तू चटणी पुढे सरकवलीस आणि मला वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं. त्याच पावसाळ्यात तू मंगळवारी किरकोळ रजा टाकून एकटीच कुठेतरी गेलीस आणि बुधवारी मला कॅमेऱ्यात फोटो दाखवलास. तीच झालरीची आमरी. मी विचारलं, कुठे? तू म्हणालीस, "आहे एका ठिकाणी." मला वाटलं, चेष्टा करतेयस. पुढच्या वर्षीही तेच. मागचं सगळं धूसर केलेलं, दगड नाही, झाड नाही, काही नाही. आणि फुलाच्या खालची बाजू काळोखी, कारण ताटली धरायला कोणी नव्हतं. मी ते तुला बोलून दाखवलं. "चालेल तेवढा काळोख," म्हणालीस.

पाच पावसाळे, मालू. बाकी सगळीकडे आपण बरोबर गेलो, घाटात तू तशीच ओरडलीस, मी ताटली धरली, पण त्या एका जागेचा विषय निघाला की तू ऑफिसच्या खिडकीतली क्लार्क व्हायचीस. मी चिडले, अबोला धरला, एकदा रडलेही. तुला वाटायचं, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. एकदा चुकले होते. एकदा चुकलेल्या पोराला मी वर्षभर वर्गाबाहेर उभं करत नाही.

तेराव्याला केतकीने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तुझा कॅमेरा हातात दिला. "आई म्हणाली होती, मावशीला द्या. कार्ड काढू नका म्हणाली, आहे तसा द्या." मी विचारलं, आणखी काही म्हणाली का? केतकीने थोडा विचार केला आणि मान हलवली. नाही. भाऊजी दारात उभे होते, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. मला तुझ्या फोटोसमोर फुलं वाहायची होती, ती न वाहताच मी घरी आले.

आठवडाभर कॅमेरा कपाटात ठेवला. मग एका दुपारी पोळ्या झाल्यावर चार्ज केला आणि बघायला बसले. तू फोटो कधी पुसायची नाहीस, हे मला माहीत होतं, पण एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं. पाचही वर्षांचे. पहिल्या वर्षी रस्त्याकडेची गावाची पाटी, मग बाहेरच्या भिंतीला निळा रंग दिलेलं घर, समोर हातपंप. मग ओढा. मग दोन मोठे खडक, एकमेकांना टेकलेले. मग उतार, आणि उतारावर आमऱ्या. मी दांडे मोजले. अकरा. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच घर, तोच ओढा, नऊ दांडे. मग सहा. मग तीन. गेल्या वर्षी दोन.

आणि प्रत्येक वर्षीचा शेवटचा फोटो एकच. खडकावर ओळीने मांडलेले दांडे. फुलांसकट, बुडाशी खुडलेले. तुझ्या नखांनी, कारण एका फोटोत तुझा अंगठा दिसतो, त्याच्यावरचा ऑफिसातल्या शिक्क्याच्या शाईचा डाग दिसतो.

मी कॅमेरा पलंगावर फेकला. त्या खिशात फूल टाकणाऱ्या माणसाची कॉलर धरणारी तू. आपला फोटो झाला की दुसऱ्या कोणाला मिळायला नको. पाच वर्षं मला पापी ठरवून स्वतः हे करत होतीस. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या आणि तुला जे जे म्हणाले ते इथे लिहीत नाही, शाळेत शिकवते मी. माझं ठरलं. जागा शोधायची, एक फोटो काढायचा, आणि तो पिनसकट ग्रुपवर टाकायचा. खाली लिहायचं, मालतीताईंची आवडती जागा. सगळ्यांना दिसू दे. तू काय करणार होतीस?

गेल्या रविवारी मी निघाले. मला स्कूटर येत नाही, त्यामुळे एसटीने. हरसूलच्या अलीकडे उतरले की पलीकडे, ते इथे लिहीत नाही. निळ्या भिंतीचं घर दीड तासात सापडलं. हातपंपावर एक बाई हंडा भरत होती, तुझ्यामाझ्या वयाची, पदर खोचलेला. मी कॅमेऱ्यातला फोटो तिच्यापुढे धरला. तिने फोटोकडे बघितलंच नाही, माझ्या पिशवीकडे बघितलं. पिशवीतून डबा आणि ताटली डोकावत होती, सवयीने घेतली होती.

"तू ताटलीवाली का?" ती म्हणाली.

तिचं नाव सोनाबाई. तिने मला ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला आणि विचारलं, "मालतीबाय नाय आली यंदा?" मी सांगितलं. तिने हंडा कडेला सरकवला आणि म्हणाली, "गेल्या साली आली तवा बरी होती. इथंच बसली होती. तुझंच सांगायची. ताटलीवाली असती तं फोटू चांगला आला असता, म्हणं."

मी म्हटलं, "मग मला का नाही आणलं?"

"ते मला काय माहीत. पन भांडण हाय म्हणायची."

मी रागातच विचारलं, ती फुलं का तोडायची? स्वतःचा फोटो झाला की दुसऱ्याला मिळू नये म्हणून ना?

सोनाबाईला ते कळलंच नाही, मला पुन्हा सांगावं लागलं. मग तिने मान हलवली. "नाय बाय. फूल दिसलं का मानसं येतील, म्हणायची. खालच्या वाटेनं रविवारी लय जातात शहरातली. पांढरं फूल लांबनं दिसतं. फूल नसलं तं नुसतं पान, गवतात गवत. मंग कंद वाचतो, म्हणं. तोडून झालं का खडकावं मांडायची नी गप बसायची. मी बोलवलं तरी जेवायला येयाची नाय." तिने चहाचा पेला विसळला. "मी बोलले तिला. आमी बी कंद काढायचो ना पयले, पोटदुखीला. पन बोंडं फुटून बी उडालं का मंगच काढायचो. तू बीच पडू देत नाय, मंग नवीन कुठनं येयाचं? तं म्हणं, तुमाला नाय कळायचं सोनाबाय."

ओट्यावर बसल्या बसल्या मला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

मालू, तू मूर्ख होतीस. दुष्ट नव्हतीस, हे मी मान्य करते, त्या दुपारी खोलीत म्हटलेला तो शब्द मागे घेते. पण मूर्ख होतीस. रोप वाचवायला तू पाच वर्षं त्याचं बी मारलंस. अकराचे दोन केलेस. जुना कंद थकतो, रानडुकरं चार उकरतात, आणि नवं काहीच उगवत नाही, कारण बोंड धरायच्या आधी तू दांडा खुडून खडकावर मांडलास. हे सहावीच्या पुस्तकात आहे. मी दर वर्षी शिकवते, फळ्यावर आकृती काढते, फुलाचं काम काय, बी तयार करणं. तुझ्या ऑफिसपासून माझी प्रयोगशाळा सोळा पावलांवर होती. तू फक्त येऊन विचारायचं होतंस, सुनंदा, खुडलं तर चालेल का? मी नाही म्हटलं असतं. पण विचारायला जागा सांगावी लागली असती, आणि तेवढा विश्वास तुला माझ्यावर टाकायचा नव्हता. दांडे कमी होताना तू मोजत होतीस ना? दर वर्षीचा फोटो आहे. नऊ झाले तेव्हा नाही कळलं, सहा झाले तेव्हा? मला वाटतं, कळलं होतं. म्हणूनच कॅमेरा आहे तसा पाठवलास. पुसून टाकायला तुला चार महिने होते.

पण चूक कबूल करायची ही काय रीत झाली? तोंडाने सांगायचं होतंस. मी ओरडले असते, आणि मग आपण काहीतरी केलं असतं.

सोनाबाई दोन खडकांपर्यंत आली आणि परत गेली, तिचं काम होतं. मी एकटी उतारावर आले. गवत गुडघ्यापर्यंत, वर बारीक पाऊस. मी इकडेतिकडे शोधलं नाही. छत्री उघडली, बसले आणि डबा उघडला. पोळी, लसणाची चटणी, गवारीची भाजी. पाचव्या-सहाव्या घासाला ती दिसली. डाव्या हाताला, खडकाच्या कडेला, हातभर उंचीची. एकच दांडा. खालची चार फुलं उमललेली, वर कळ्या. यंदा एवढीच होती. नंतर मी सगळा उतार गुडघ्यांवर फिरले, दुसरी नव्हती.

कॅमेरा गळ्यात होता. मोबाईलला रेंज होती, दोन काड्या. मी घरून जे ठरवून आले होते ते करायला दोन मिनिटंही लागली नसती.

तेवढ्यात खालून आवाज आले. माणसांचे, चांगले दहा-बारा जण असतील. कोणीतरी गाणं लावलं होतं, कोणीतरी ते बंद करायला सांगत होतं. सांगणारा आवाज बागूल सरांचा होता. आपलाच ग्रुप. वाट खडकांच्या अगदी खालून जाते, तिथून ही चार पांढरी फुलं दिसली नसती तरच नवल. मला पेठचा तो माळ आठवला, चटया, कात्री. आणि मालू, माझा हात दांड्याकडे गेला. विचार करून गेला नाही, आपोआप गेला. अंगठा आणि पहिलं बोट बुडाशी बसलं. ओला, थंड, पेन्सिलपेक्षा बारीक दांडा. नख लावायचीच खोटी होती. तिथे मला तू कळलीस, त्या चार-पाच सेकंदांत. अगदी पूर्ण. तुझ्यासारखीच मी तिथे उकिडवी बसले होते, वाटेकडे एक कान, आणि समोरचं सगळ्यात प्रिय ते स्वतःच्या हाताने तोडायच्या बेतात. दुसरं काही सुचतच नाही तेव्हा. एकटीला नाहीच सुचत.

मी हात काढून घेतला. सरकले आणि दांड्याच्या पुढ्यात, वाटेकडे तोंड करून मांडी घालून बसले. छत्री मागे तिरकी टेकवली, ओढणी पसरली आणि पोळीचा तुकडा हातात घेतला.

बागूल सर आधी दिसले. "अरे, बाई? तुम्ही इकडे एकट्याच?"

"मालूची आठवण आली," मी म्हटलं. "जरा बसलेय."

एका मुलीने टोपी काढली. बागूल सर हळू आवाजात म्हणाले, "बसा, बसा. आम्ही पुढे होतो. काही दिसलं का इकडे?"

"काही नाही. गवत आहे."

ते पाय न वाजवता गेले, बोलणंसुद्धा पार ओढ्यापलीकडे गेल्यावर सुरू झालं. मी आणखी अर्धा तास हलले नाही. मग छत्री बाजूला केली. चारही फुलं जिथल्या तिथे होती, एकावर मुंगी चढली होती. फोटो मी काढला नाही. जाताना सोनाबाईला सांगितलं, बोंडं धरेपर्यंत मी दर रविवारी येईन, मधल्या दिवसांत तू शेळ्या तिकडेच ने. ती म्हणाली, "शेळ्या खातील ना बाय," आणि मग म्हणाली, "मीच बसत जाईन तिथं, निवडण घिऊन."

एवढंच करायचं होतं, मालू. खुडायचं नव्हतं, माझ्यापासून लपवायचं नव्हतं, माझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं. कोणीतरी शेजारी नुसतं बसून राहायचं होतं, आणि ते एकटीचं काम नव्हतं. तू बोलावलं असतंस तर मी आले असते. पुण्यालाही.